भिंतीपलीकडचं पाणी

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांध घातलेला आहे आणि त्या बांधाच्या पोटात एक महाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं हे बांधकाम. पाणीमहाल हे त्याचं नाव. पावसाळ्यात नदी भरून आली की बांधाच्या माथ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून पाण्याचा पडदा खाली जातो. आतली फरशी मात्र कोरडी. सहलीला आलेल्या पोरांना राजाचं नाव लक्षात राहत नाही. पाणी इतकं जवळ असून आत कसं येत नाही, हे मात्र राहतं.

श्वास घेणाऱ्या प्रत्येक सस्तन प्राण्याच्या छातीत असा एक पाणीमहाल असतो. माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात, म्हणजे हवेच्या इवल्या खोल्या. प्रत्येक खोलीला बाहेरून केशवाहिन्यांचं जाळं लपेटलेलं. आत हवा, बाहेर वाहतं रक्त आणि मध्ये जी भिंत, ती इतकी पातळ की केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढी. पातळ असावीच लागते, कारण प्राणवायूला ती ओलांडून रक्तात जायचं असतं. आणि तरीही रक्तातलं पाणी आत येऊ द्यायचं नसतं. अवघड काम आहे, पण ही भिंत ते जन्मभर करत राहते.

महाल ओला होण्याचे मार्ग दोनच. एक, नदी इतकी चढावी की पाणी दाबानं आत घुसावं. दोन, नदी होती तेवढीच असावी, पण भिंतीला भेगा पडाव्यात. शरीरातही मुख्य मार्ग हेच दोन आहेत. हृदय थकलं की फुप्फुसात रक्त तुंबतं, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर ढकललं जातं. किंवा विष, जंतुसंसर्ग, विषारी वायू यांनी भिंतच झिरपू लागते. केशवाहिनीतला दाब पाणी बाहेर लोटतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत धरून ठेवतात, हा हिशेब इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टारलिंग यांनी १८९६ साली मांडला. आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला तो शिकवतात.

या आजाराला डॉक्टर पल्मनरी इडिमा म्हणतात. गावाकडे ‘छातीत पाणी झालं’ म्हणतात तो आजार वेगळा, आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. छातीत झालेलं पाणी फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साठलेलं असतं. सुई घालून ते काढता येतं. इडिमातलं पाणी फुप्फुसाच्या मासातच मुरलेलं असतं, काळ्या रानात ओल मुरावी तसं. सुई घालून ते निघत नाही. माणूस झोपू शकत नाही, उठून बसतो, धापा टाकतो, शेवटी तोंडाशी गुलाबी फेस येतो. आडापासून दूर, कोरड्या जमिनीवर झालेलं हे बुडणंच म्हणायचं.

मराठवाड्याला या बुडण्याची एक जुनी ओळख आहे, ती विंचवाकडून झालेली.

धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकूड-मातीचं माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात याच भिंती आणि हीच माळवदं हजारो लोकांच्या अंगावर आली, तेव्हा जगाला या घरांची रचना कळली. विंचवांना ती आधीपासून माहीत होती. दगडांच्या सांदीत, गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणाखाली, रानात उलथलेल्या धोंड्याखाली तांबडा विंचू राहतो. काळी, दांडगी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेण्यात हा लहानसा तांबडा पुढे. त्याच्या नांगीतलं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. बंद व्हायला हवी ती दारं बंदच होत नाहीत, आणि शरीर अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांच्या पुरात सापडतं. आधी उलट्या, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध उपसत राहतं आणि काही तासांत हरतं. मग फुप्फुस भरू लागतं. लहान मुलात हे सगळं अधिकच झपाट्यानं घडतं.

हे चित्र तपशिलात उभं केलं ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातही हाच तांबडा विंचू. विंचू चावलेला रुग्ण वेदनेनं मरतो, या समजुतीवर त्यांचा विश्वास बसेना. ते रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. वेदना कमी असलेली, अंग गार पडलेली पोरं दगावतात आणि ती हृदय व फुप्फुसामुळे दगावतात, हे त्या वह्यांतून उमटलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी धोक्याची ही पूर्वचिन्हं मांडली. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या गोळीबद्दल लिहिलं. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी ही साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. तिच्या आधी गंभीर विंचूदंशात शंभरातले तीस-चाळीस दगावत, नंतर हे प्रमाण शंभरात एक-दोनवर आलं. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी महाडच्या ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली, गोळीच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर माणूस आणखी लवकर सावरतो, असं तीत दिसलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत अनेकांनी वाचलेलं आहे.

खाटेशेजारी बसून रुग्णाचं फुप्फुस ओलं झालं हे कसं कळायचं? कानाला नळी लावून. फुप्फुसाच्या तळाशी बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो. पण तो ऐकू येईपर्यंत पाणी बरंच शिरलेलं असतं, आणि किती शिरलं हे कान सांगत नाही. नेमकी किती ओल, किती वेळात, कशानं वाढली आणि कशानं ओसरली, हे कळायला हवं तर मोजमाप हवं. माणसात ते करता येईना, म्हणून काम प्रयोगशाळेतल्या प्राण्यांकडे गेलं.

मुंबईत सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी कुत्रे आणि सशांना विंचवाचं विष देऊन शरीराच्या रसायनांत काय उलथापालथ होते ते पाहिलं आणि इन्शुलिनच्या उपायाकडे लक्ष वेधलं. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात एस. बी. देशपांडे यांच्या गटानं उंदीर वापरले. घरातली चिचुंद्री नव्हे, प्रयोगशाळेतला मोठा पांढरा उंदीर. १९९९ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त त्यांचा निबंध आला. तांबड्या विंचवाच्या विषानं उंदरांच्या फुप्फुसात पाणी भरतं, आणि पाणी भरलेल्या फुप्फुसातून श्वास व हृदयगती बदलवणारी एक मज्जातंतूंची प्रतिक्रिया अधिक जोरात उठते, हे त्यांनी दाखवलं. या प्रतिक्रियेच्या मुळाशी काय आहे, हा शोध दिल्लीच्या ऑतार सिंग पेंटल यांचा. केशवाहिन्यांच्या लगत, भिंतीतच बसलेली मज्जातंतूंची टोकं त्यांनी शोधली. जगभर ती ‘जे रिसेप्टर’ म्हणून ओळखली जातात. महालाच्या भिंतीत बसवलेले हे पहारेकरीच. ओल वाढली की ते बोंब मारतात आणि माणसाला धाप लागते.

पण वाराणसीत असो की बोस्टनमध्ये, पाणी मोजायची रीत एकच होती, आणि ती तराजूची. प्राण्याला मारायचं. फुप्फुस काढून ओलं असतानाच वजन करायचं. मग ते ओव्हनमध्ये सुकवत ठेवायचं, वजन आणखी घटेनासं होईपर्यंत. ओल्या आणि सुक्या वजनातला फरक म्हणजे पाणी. निरोगी फुप्फुसाच्या वजनातही जवळजवळ चार पंचमांश पाणीच असतं, त्यामुळे फरक बारकाईनं पाहावा लागतो. फुप्फुसात अडकलेल्या रक्ताचाही हिशेब वजा करावा लागतो. रीत खात्रीची आहे. तिचा दोष एवढाच, की उत्तर मिळतं तेव्हा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. विष दिल्यावर अर्ध्या तासानं किती पाणी होतं हे कळतं, पण त्याच उंदरात तासानं किती झालं असतं, औषध दिल्यावर किती ओसरलं असतं, हे कळायला मार्ग नाही. त्यासाठी दुसरा उंदीर, तिसरा उंदीर.

या कोंडीतून निघायचे प्रयत्न झाले. सॅन फ्रान्सिस्कोत नॉर्मन स्टॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मेंढीवर एक युक्ती प्रसिद्ध केली. फुप्फुसातून झिरपलेलं पाणी लसीकावाहिन्या शेताच्या कडेच्या चरासारखं वाहून नेतात. मेंढीत या चरांचं बरंचसं पाणी एका मोठ्या गाठीतून जातं. त्या वाटेत बारीक नळी बसवली की जाग्या, उभ्या, रवंथ करणाऱ्या मेंढीच्या फुप्फुसातून किती झिरपतंय ते दिवसचे दिवस थेंबाथेंबानं मोजता येई. भिंतीला भेगा पडल्यात की नदीच चढलीय, हेही त्या पाण्यातल्या प्रथिनांवरून ओळखू येई. इडिमाबद्दल आज जे पुस्तकात आहे, त्यातलं बरंच या मेंढ्यांनी दिलेलं आहे. मात्र शस्त्रक्रिया अवघड, खर्च मोठा, आणि उंदरात तर हे जमणारच नाही.

सोनोग्राफीचं नाव या सगळ्यात कोणी काढत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. सोनोग्राफी म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडून त्याचे पडसाद पकडणं. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. यंत्राचा आवाज वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंतचा. मासातून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगानं जातो. हवेत ध्वनीचा वेग याच्या पाव भागाहूनही कमी, आणि हवा मासाच्या मानानं अगदीच विरळ. त्यामुळे मास संपून हवा सुरू होते तिथे जवळजवळ सगळा आवाज आपटून परत येतो. गरोदरपणात पोटावर चिकट जेल लावतात ते म्हणूनच. यंत्राचं टोक आणि कातडी यांच्यात हवेची फट राहू नये. आणि फुप्फुस म्हणजे तर हवेचाच गोळा. तिथे सोनोग्राफी चालणार नाही, असं वैद्यकाची मोठमोठी पुस्तकं विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत सांगत होती.

यातली मजेची गोष्ट अशी, की पहिली खूण घोड्यात सापडली. एन. डब्ल्यू. रँटनन या पशुवैद्यानं १९८६ साली घोड्यांच्या छातीच्या आजारांवर लिहिताना नोंदवलं होतं, की निरोगी घोड्यात फुप्फुसाचा पृष्ठभाग बरगड्यांखाली श्वासागणिक सरकताना दिसतो, आणि छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस आक्रसलं की हे सरकणं दिसेनासं होतं. माणसांच्या डॉक्टरांनी त्यानंतर ते उचललं. पशुवैद्यकाकडून मानवी वैद्यकानं घेतलेल्या गोष्टींची यादी लांब आहे, पण ती सांगण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

पुढची उडी फ्रान्सच्या दानिएल लिश्टेनश्टाइन यांची. अतिदक्षता विभागात काम करताना त्यांनी पडद्यावरचा कचरा नीट पाहायला सुरुवात केली. कचरा म्हणजे खऱ्या अवयवाचं चित्र नसलेल्या, आवाजाच्या गोंधळातून उठलेल्या रेषा. कोरड्या फुप्फुसावर यंत्र धरलं की दोन बरगड्यांच्या मध्ये फुप्फुसाच्या आवरणाची एक चमकती आडवी रेघ दिसते आणि तिच्याखाली तशाच आडव्या रेघा, सारख्या अंतरावर, फिक्या फिक्या होत जाणाऱ्या. खोल विहिरीत हाक मारावी आणि तीच हाक पुनःपुन्हा वर यावी, तसं. या ‘ए’ रेषा. फुप्फुसात ओल शिरली की चित्र पालटतं. आवरणाच्या रेघेपासून उभे प्रकाशाचे पट्टे निघतात, पडद्याच्या तळापर्यंत न विरता जातात, वाटेतल्या आडव्या रेघा पुसून टाकतात आणि श्वासाबरोबर डावीउजवीकडे झुलतात. या ‘बी’ रेषा. लिश्टेनश्टाइन यांचा यावरचा महत्त्वाचा निबंध १९९७ सालचा. एका फटीत तीन किंवा अधिक उभ्या रेषा दिसल्या तर काहीतरी बिघडलं आहे, असं आज जगभर मानतात.

उभ्या रेषा का उठतात? हवेच्या शेजारी थोडंसं पाणी आलं की आवाज तिथल्या अरुंद सांदीत अडकतो आणि घंटेसारखा घुमत राहतो, असं ढोबळमानानं म्हणता येईल. नेमकी यंत्रणा काय यावर भौतिकशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पाणी आणखी वाढून हवा पुरती हटली, तर रेषाही जातात आणि फुप्फुस चक्क यकृतासारखं घट्ट दिसू लागतं. म्हणजे ज्या हवेमुळे सोनोग्राफी निकामी ठरवली होती, तिच्याशीच पाण्याची चाललेली झटापट पडद्यावर दिसते.

पण पडद्यावरच्या पट्ट्यांना पाणी म्हणायचं कोणी ठरवलं? इथे पुन्हा प्राणी लागले, आणि पुन्हा तराजू. इटलीतल्या पिसा शहरात एउजेनियो पिकानो, लुना गारगानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या डुकरांच्या शिरेत ओलेइक आम्ल टोचलं. हे आम्ल फुप्फुसाच्या केशवाहिन्यांच्या भिंतींना भेगा पाडतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचं सार असं, की रक्तातला प्राणवायू घसरण्याआधीच ‘बी’ रेषा वाढू लागल्या होत्या. प्राणवायूचा आकडा गप्प होता तेव्हा पडदा जागा होता. २०१० साली याच वर्तुळातून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात रेषांची मोजणी आणि फुप्फुस काढून केलेलं वजन समोरासमोर ठेवलं गेलं, आणि रेषा जास्त तिथे पाणी जास्त, असं ते जुळलं. नव्या मापाला जुन्या मापाची साक्ष लागतेच. सोनोग्राफीनं तराजू अडगळीत टाकला असं सांगणारे उत्साही लोक भेटतात. खरं तर तिची पत तराजूनंच वाढवली.

यानंतर उंदरांची पाळी आली. मोठ्या उंदराची छाती मुठीत मावते, छोट्या उंदराची दोन बोटांत. बरगड्यांमधली फट नखाएवढी आणि काळीज मिनिटाला शेकडो वेळा धडधडणारं. इतक्या लहान छातीसाठी सेकंदाला तीन-चार कोटी कंपनांचा, फार खोल न जाणारा पण बारीक तपशील दाखवणारा आवाज वापरतात. केस काढायचे, उबदार जेल लावायचं, कारण गार जेलनंही उंदराचं अंग थंडगार पडतं. उंदराला हलकी भूल देऊन उबदार पाटावर निजवायचं. काही मिनिटांत तपासणी होते आणि उंदीर पुन्हा पिंजऱ्यात जाऊन दाणे खाऊ लागतो. उद्या पुन्हा तोच उंदीर, परवा पुन्हा तोच. माद्रिदच्या हृदयसंशोधन केंद्रासारख्या ठिकाणी हृदय निकामी होत जाणाऱ्या छोट्या उंदरांवर ही पद्धत वापरलेली आहे.

साधं गणित मांडून पाहावं. एखाद्या औषधाचा परिणाम पाच वेळा पाहायचा आहे आणि दर वेळी आठ उंदीर हवेत. तराजूच्या रीतीत चाळीस उंदीर मरतात. सोनोग्राफीत तेच आठ पाच वेळा पाहता येतात आणि शेवटच्या साक्षीपुरता तराजू लागतो. आणि नुसती संख्याच कमी होत नाही. चाळीस वेगवेगळ्या उंदरांत उंदराउंदरातला फरक मिसळलेला असतो. एकाच उंदराची आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहिली की तो गोंधळ गळून पडतो.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन कसोट्या सांगितल्या: प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, लागतील तेवढेच प्राणी घ्या, आणि घेतलेल्यांचा त्रास कमी करा. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६० साली, भारतात प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच कायद्याखाली आज प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आणि प्रत्येक संस्थेची नीतिसमिती काम करते. किती उंदीर, कशासाठी, भूल कोणती, शेवट कसा, हे आधी कागदावर मांडून मंजुरी घ्यावी लागते. दुसरी आणि तिसरी कसोटी सोनोग्राफी चांगल्यापैकी पार करते. पहिलीत तिला शून्य गुण. प्राणी लागतोच, आणि विष किंवा आम्लही त्याच्या अंगात जातंच. हे झाकून तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

दोष आणखी आहेत. ‘बी’ रेषा ओल दाखवते, ओल कसली ते सांगत नाही. न्यूमोनिया, फुप्फुसाचा मुका मार, तंतूंनी कडक झालेलं फुप्फुस यांतही उभे पट्टे दिसतात. २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांत जगभरच्या डॉक्टरांनी ते पाहिले. नदी चढली की भिंत फुटली, याचं उत्तर हवं तर हृदयाचीही सोनोग्राफी करावी लागते. फुप्फुसाच्या खोल गाभ्यात बिघाड असेल आणि आवरणापर्यंत पोहोचला नसेल, तर पडदा निरोगी दिसतो. यंत्राचं टोक बदललं, आवाजाची पट्टी बदलली, चित्राचा उजेड वाढवला की रेषांची संख्या बदलते. त्यामुळे एका प्रयोगशाळेतली मोजणी दुसरीच्या मोजणीशेजारी ठेवताना जपावं लागतं. दाट झालेले पट्टे एकमेकांत मिसळतात तेव्हा ते पाच की आठ, हे मोजणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून. म्हणून नीट केलेल्या प्रयोगात मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिलं होतं हे सांगत नाहीत. नाहीतर आशेनं दोन रेषा कमी दिसतात.

धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विंचू चावलेलं पोर तालुक्याहून तिथे आलं, तर छातीवर यंत्र टेकवून ओल पाहणं हे दोन-चार मिनिटांचं काम. गावातल्या आरोग्य केंद्रात मात्र ते इतकं सोपं नाही, आणि अडचण पैशांचीच आहे असं नाही. मराठवाड्यात ‘सोनोग्राफी’ या शब्दाला दुसराच वास आहे. गर्भलिंगनिदान थांबवण्यासाठी १९९४ साली कायदा झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१२ साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आल्यावर यंत्रांवरची नजर आणखी करडी झाली. प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीचा अर्ज, दारावर पाटी. आणि हातात मावणारं यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर फिरवण्यावर कडक बंधनं. फुप्फुसावर ठेवलेलं टोक चार बोटं खाली सरकवलं की गर्भावर जातं, ही कायद्यामागची रास्त भीती. मुली वाचवण्यासाठी घातलेलं हे कुलूप धाप लागलेल्या रुग्णाच्या आड कधी येतं आणि कधी येत नाही, याचा विचार डॉक्टरांना आणि सरकारला मिळूनच करावा लागणार आहे.

जनावरांच्या दवाखान्यात चित्र थोडं वेगळं. ज्या शेळीनं धाराशिव जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेलं, ती काळी, लोंबत्या कानांची, दुष्काळात तग धरणारी, जुळी देणारी उस्मानाबादी शेळी इथे दाराशी बांधलेली असते. पहिला पाऊस पडून कोवळं गवत फुटलं की शेळ्या-मेंढ्यांत आंत्रविषाराची साथ येते. आतड्यात जंतू माजतात, त्यांचं विष रक्तात जाऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतींना भोकं पाडतं, आणि मेलेल्या मेंढीची छाती उघडली तर फुप्फुस ओलं, जड सापडतं. पाणीमहालाचा हा दुसरा मार्ग, भिंत फुटण्याचा. संध्याकाळी चांगलं असलेलं जनावर सकाळी ताठ झालेलं दिसतं, म्हणून इथे उपचारापेक्षा पावसाळ्याआधीच्या लसीवर भर. पण न्यूमोनियानं धापणारी शेळी, वासरू, कालवड यांच्यात पाहायला वेळ असतो.

शेळीची छाती माणसाच्या छातीसारखी उघडी नसते. पुढचा भाग खांद्याच्या मासाखाली झाकलेला. डावीकडे कोठीपोटातला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला लागूनच. तोही फुप्फुसासारख्याच आडव्या रेघा दाखवतो आणि नवख्याला फसवतो. श्वासागणिक सरकणारी चमकती रेघ सापडली की समजायचं, फुप्फुस आलं. काळे दाट केस कातरायचे. जेल संपलं असेल तर स्पिरिट ओतायचं, त्यानंही हवेची फट बुजते.

आणि यंत्र? कॅनडा-अमेरिकेतल्या गोठ्यांत वासरांची फुप्फुसं ज्या टोकानं पाहतात, ते मुळात गाय गाभण आहे की नाही हे गुदद्वारातून पाहण्यासाठी बनवलेलं आहे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकून आलेल्या डॉक्टरांच्या हाताला ते टोक नवं नाही. ते फक्त बरगड्यांच्या फटीत, खांद्यामागून खाली, सावकाश उतरवत न्यायचं आणि रेषा आडव्या आहेत की उभ्या ते पाहायचं.